गिरणी वाढवा

गल्लीत सगळे त्यांना रफूआत्या म्हणत. जिन्याखालच्या चिंचोळ्या गाळ्यात बसून त्या कापडाला असं रफू करत, की फाटलं कुठे होतं ते गिऱ्हाइकालाच आठवेना. गुडघे मात्र रफूच्या पलीकडे गेले होते. भाच्याने धोशाच लावला होता: गाळा सोड, आमच्याकडे राहायला ये. त्याची बायको, म्हणजे सूनबाई, बिचारी कधी म्हणायची, "आत्या, मला शिकवा ना रफू," तर आत्या फटकारायच्या, "तुझा नवरा दुकानावर टपून बसलाय. शिकून करशील काय?"

शेवटी आत्यांनीच तोड काढली. "तुझ्या त्या गिरण्यांच्या खेळात मला हरव. हरले तर दुकान बंद. जिंकले तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

भाच्याने लगेच टाळी दिली. का नाही देणार? आत्या आजवर एकदाही जिंकल्या नव्हत्या.

जुन्या काळातल्या कापडगिरण्यांचा तो खेळ रविवारी दुपारी भाच्याच्या जेवणाच्या टेबलावर मांडला जाई. कापूस आणायचा, कोळसा जाळायचा, कालव्यातून गाठी बंदरावर धाडायच्या. ज्याचं कापड जास्त खपलं तो जिंकला. पत्ते परक्या भाषेत, म्हणून भाच्याने प्रत्येकावर मराठी चिठ्ठी डकवली होती. नियम सांगायला गेला तर आत्या म्हणाल्या, "मला गिरणी शिकवतोस? तू रांगत होतास तेव्हा मी माग चालवत होते."

आणि मग सपाटून हरायच्या. त्यांची तऱ्हाच न्यारी. 'गिरणी वाढवा' असा पत्ता दिसला रे दिसला की झडप घालून उचलायचा आणि मांडीखाली सारायचा. स्वतः खेळायचा नाही, दुसऱ्याला मिळू द्यायचा नाही.

पैजेच्या दिवशीही तेच. आत्या इरेला पेटल्या होत्या, कोळसा जपून वापरत होत्या, पण तरी भाच्याची गिरणी पुढे होती. आता प्रत्येकाची एकच खेळी उरली; एका खेळीत हातातले हवे तेवढे पत्ते टाकता येत.

सूनबाईला राहवेना. "आत्या, मांडीखालचे पत्ते कधी काढणार?"

"कधीच नाही. माझ्या हाताने मी गिरणी वाढवायची नाही."

"पण का?" भाच्याने विचारलं.

आत्यांनी पटावरची आपली छोटी लाकडी गिरणी सरळ केली. "आमच्या गिरणीच्या फाटकावर म्हातारा पहारेकरी होता. एका सकाळी म्हणाला, पोरींनो, गिरणी वाढवली. मी येडी, नवे माग येणार म्हणून अख्ख्या गल्लीत सांगत सुटले. चला, तुम्हालाही काम मिळेल! बायका नटूनथटून फाटकावर आल्या, तर फाटकाला कुलूप. म्हातारा 'बंद' हा शब्द तोंडातून काढत नव्हता रे. दुकान वाढवतात, तशी गिरणी वाढवली होती. त्या बायकांची तोंडं मला अजून दिसतात. तेव्हापासून वाढवणं म्हणजे काय, ते मला कुणी शिकवू नये."

भाच्याने आता तोंड उघडलं नसतं, तर पैज त्याच्या खिशात होती. त्याला आत्याची माया आली आणि स्वतःचा रागही आला.

"आत्या, ती चिठ्ठी मी लिहिलीय," तो म्हणाला. "वाढवा म्हणजे मोठी करा. मजला चढवा. नवे माग आणा."

आत्यांनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं. "खोटं बोलत असशील तर कान उपटेन."

"उपट. पण आधी खेळ."

मांडीखालून चांगले पाच पत्ते निघाले, दुमडलेले, गरम झालेले. आत्यांनी एकेक टेबलावर ठेवला आणि गिरणीवर मजल्यावर मजला चढला. भाच्याने कापडाचा हिशेब पुन्हा पुन्हा केला. आत्या जिंकल्या होत्या. त्या हसल्या नाहीत, पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, "झाली एकदाची मोठी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाचा त्यांना घरी सोडायला गाळ्यावर आला. 'बंद' हा शब्दही काढायचा नाही हे लक्षात ठेवून त्याने बाहेरूनच हाक मारली, "आत्या, दुकान वाढवलंस का?"

"वाढवलं," आतून उत्तर आलं.

तो वाकून आत डोकावला. दिवा चालूच होता. आत्यांच्या स्टुलाला लागून दुसरं स्टूल मांडलं होतं, आणि त्यावर त्याची बायको सुईत दोरा ओवत बसली होती.