बाबांना पुण्याला न्यावं का?

मंडळी, मी घरी बसून इंटरनेटवरून पुण्याच्या एका कंपनीचं काम करतो. आता कोल्हापूर सोडून तिकडंच राहायला या, असं ताई कधीची म्हणतेय. बाबांना हल्ली काही आठवत नाही आणि तिच्या घराजवळ चांगले डॉक्टर आहेत. माझंही जवळजवळ ठरलं होतं.

आज दुपारी मी कामात असताना बाबा एकटेच बाहेर पडले. मी गल्लीगल्लीत शोधत फिरलो. शेवटी घरी परतलो, तेवढ्यात एक रिक्षावाला त्यांना शाहूपुरीतून घेऊन आला.

"पत्ता त्यांनीच सांगितला की," तो म्हणाला. "कुठं वळायचं त्येबी सांगत हुतं."

मला हायसं वाटलं. बाबा उतरले, सवयीनं फाटकाची कडी काढली आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "या की पावणं. कुणाकडं आलाय?"

"तुमच्याकडंच," एवढंच मला म्हणता आलं.

त्यांना घर अजून आठवतं, मी आठवत नाही. पुण्याला नेलं तर घरही जाईल. तुमच्यापैकी कुणी असं माणूस गावाबाहेर नेलंय का? ते तिथं रमलं का? खरं सांगा.