रोह्याच्या लेंड्या आणि माझं पुस्तक

घाटंजीच्या स्टँडवर उतरलो तेव्हा माझ्या पिशवीत दोन पँटी, एक कानटोपी आणि अमेरिकेतल्या हरणांच्या शिकारीवरचं एक जाडजूड पुस्तक होतं. पहिल्या दोन वस्तू उपयोगी पडल्या. पुण्यात मी शाळेत जीवशास्त्र शिकवतो. त्यामुळे कुठंही गेलो की तिथल्या लोकांना त्यांचंच गाव समजावून सांगायची मला खाज सुटते.

स्टँडवरून ऑटोनं निघालो. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी (कपाशी) फुटून पांढरी झाली होती. पण कापसाचे ते दिवस वाईट होते. बाजारभावाचा विषय निघाला की ऑटोवाला उगाच हॉर्न वाजवायचा.

मावसबहीण सिंधूताई वावरातच (शेतातच) भेटली. तीन एकर पऱ्हाटी, कडेनं तूर. गेल्या साली रोह्यांनी (नीलगायींनी) त्यातली निम्मी फस्त केली होती. सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) भाजी आणि भाकरी माझ्यापुढं ठेवत ती म्हणाली, "यंदाही खाल्लं ना, तं वावर मक्त्यानं (खंडानं) देऊन टाकीन अन् यवतमाळले लेकीकडे जाईन. वीस वर्सं मीच पाहून राह्यली हे वावर. दुसऱ्याच्या हाती द्यायचं मनात नाही रे."

भाजी इतकी चविष्ट होती की मी लगेच मदत करायचं ठरवलं. तिथंच घात झाला.

शेजारचे गुलाबराव परवानाधारक बंदूकवाले. त्यांनी वनखात्याच्या कचेरीतून रोही मारायच्या परवानगीचा कागद आणला होता: एकच रोही, तोही फक्त नुकसान झालेल्या वावराच्या आत, आणि मुदत उद्या संध्याकाळपर्यंत. रोह्याला हा कागद कुणी वाचून दाखवला नव्हता. नर रोही रोज ठरल्या जागीच लेंड्या टाकतो. तो ढीग म्हणजे त्याच्या दारावरची पाटी. ही पाटी होती नाल्यापलीकडच्या झुडपात. तिथं तो रोज न चुकता जायचा, वावरात मात्र मर्जी झाली तर.

"तिकडे मारला तं तो राहीन बाजूले, मीच आत जाईन," गुलाबराव म्हणाले.

मी पुस्तक काढलं. अमेरिकेतले शिकारी वासाची खोटी खूण करतात. नराला वाटतं, आपल्या हद्दीत कुणी परका आला, आणि तो तणतणत येतो. "आपण ढीगच वावरात आणू!" मी म्हणालो. गुलाबरावांनी पुस्तकाकडे भक्तिभावानं पाहिलं. ताईनं माझ्याकडे पाहिलं.

"मंग धुऱ्यावर (बांधावर) ठेव. एवढ्या आत कायले?"

"ताई, जितका आत, तितका त्याचा अपमान जास्त."

दोन टोपली लेंड्या मी स्वतः डोक्यावरून वाहिल्या आणि पऱ्हाटीच्या मधोमध ओतल्या. इतक्या उत्साहानं मी शाळेत कधी फळासुद्धा पुसलेला नाही.

पहाटे आम्ही तिघं वावरातल्या मचाणावर. उजाडताना रोही आला, थेट ढिगाशी गेला, नाक लावलं. माझी छाती फुगली. गुलाबरावांनी बंदूक रोखली, तेवढ्यात तुरीतून दुसरा नर निघाला. नवी पाटी लागल्यावर ती वाचायला दुसराही येणारच की! दोघांनी पुढचे गुडघे टेकले, मानेला मान भिडवली आणि जुंपली. हे पुस्तकात होतं म्हणे. पण तो धडा मी परतीच्या प्रवासासाठी ठेवला होता.

"मारा ना!" मी ओरडलो.

"कोनाले मारू, सर? कागद एकाचा हाये अन् हे दोघं एकात एक गुतले!"

ताई काठी घेऊन खाली उतरली आणि "हड्, हड्!" करत धावली. रोही पळाले, अर्थात पऱ्हाटीतूनच. मग ती मोडलेली बोंडं पदरात वेचत बसली. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी कागदाची मुदत संपली. दुसऱ्या दिवशी दोन्ही रोही पुन्हा हजर.

निघताना ताईनं माझ्या पिशवीत सोले भरले. "ये पुन्हा," ती म्हणाली, "पन वाचून नको येऊ."

पुण्यात आल्यावर महिनाभर फोन करायची माझी हिंमत झाली नाही. शेवटी तिचाच आला.

"वावर?" मी भीत भीत विचारलं.

"माह्याच हाती हाये. तू गेला तवापासून रोज सकाळी त्याईच्या लेंड्या, खालच्या मातीसकट, नाल्यापल्याड नेऊन टाकल्या. पंधरा दिवसांत दोघंही तिकडेच भांडाले गेले. मधातली पऱ्हाटी गेली ते गेली, बाकीची वेचून राह्यली."

मी कपाटातल्या त्या जाडजूड पुस्तकाकडे पाहिलं.

"अन् आयक, तुहं पुस्तक खोटं नाही रे," ताई म्हणाली. "तू उलटं धरलं व्हतं."