गुणगुणणारं घड्याळ

रिटायर झाल्यावर माणसं पोथ्या वाचतात, पहाटे फिरायला जातात. मला घड्याळं जमवायचा किडा चावला. जमवायचं म्हणजे काय, हे पहिलंच. पण घ्यायचं तर जगावेगळं, म्हणून मी गुणगुणणारं घड्याळ शोधून काढलं. पन्नासेक वर्षांपूर्वीचं. त्यात टिकटिक नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला, पण इवलासा नादकाटा सेलवर थरथरत राहतो आणि त्याचा बारीक सूर येतो.

खरं सांगायचं तर घरात आवाजच उरला नव्हता. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेलेली. बायको पूर्वी पोळ्या लाटताना गुणगुणायची, तेही बंद झालेलं. वय झालं, आवड गेली, असं मी मनाशी ठरवून टाकलेलं.

मोबाइलवरच्या घड्याळवाल्यांच्या ग्रुपने बजावलेलं: आत हल्लीचं मशीन घालून फसवतात, सेकंदकाटा तसाच सरकतो. कानाला लावा. सूर ऐकू आल्याशिवाय घेऊ नका.

कल्याणातल्या म्हाताऱ्या घड्याळवाल्याने ते आधी स्वतःच्या कानाला लावलं, डोळे मिटले, मान डोलावली आणि माझ्या हातात दिलं. मी कानाला लावलं. काही नाही. दुसऱ्या कानाला लावलं. तिथेही ठणठण गोपाळ! म्हातारा मोठ्या आशेने माझ्याकडे बघतोय. आता तीस वर्षं डोंबिवलीच्या एमआयडीसीत पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर काढलेला माणूस मी, नुसत्या आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखणारा. मी म्हणू, ऐकू येत नाही? मीपण डोळे मिटले.

"वा! काय गोड आवाज आहे हो!" म्हणालो आणि घेऊन मनगटावर बांधून टाकलं.

रिक्षात बसल्यावर डोकं सणकलं. फसवलं की थेरड्याने!

घरी सोफ्यावर टेकतो न टेकतो तोच बायको म्हणाली, "अहो, मच्छर आलाय."

मी रॅकेट उचलली. "कुठंय?"

"तुमच्याजवळच."

पडदे झटकले, सोफा सरकवला. "आता?"

"अजून तुमच्याजवळच."

मी स्वयंपाकघरात गेलो, तर मच्छर माझ्यामागून स्वयंपाकघरात. बाथरूममध्ये गेलो, तर बाथरूममध्ये. शेवटी तिने माझ्या दंडावर सणसणीत चापट मारली.

"मेला?"

"कसला मरतोय! भुणभुण चालूच आहे."

"तुझ्या कानातच काहीतरी झालंय," मी म्हणालो. "मला काही ऐकू येत नाही. डॉक्टरला दाखव."

दुसऱ्या दिवशी भांडायला कल्याणला गेलो. मी तोंड सोडलं की आवरत नाही, म्हणून बायकोही आली.

"हे वाजत नाही!" मी काउंटरवर हात आपटला.

"काल तर वा म्हणालात," म्हातारा म्हणाला.

तेवढ्यात बायकोने घड्याळ उचलून कानाला लावलं आणि ती उडालीच. "अहो, हाच तो मच्छर!"

दोघं पोट धरून हसायला लागले. मी हसलो नाही. ते बघून म्हातारा काउंटरमागून बाहेर आला आणि त्याने घड्याळाची पाठ माझ्या कानामागच्या हाडावर दाबून धरली.

"आता?"

माझ्या कवटीत बारीक सूर सुरू झाला. लांबून कुणीतरी तोंड मिटून गात असल्यासारखा.

"आलं!" मी ओरडलोच.

"घड्याळ उत्तम आहे साहेब," तो हळूच म्हणाला. "कान दाखवून घ्या."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण परतताना रिक्षात त्याहून वाईट एक शंका डोक्यात आली. विचारायची भीतीच वाटत होती.

"अगं, तू पोळ्या लाटताना गुणगुणायचीस. ते कधी बंद केलंस?"

ती बघतच राहिली. "बंद? आज सकाळीसुद्धा गुणगुणत होते. तुम्ही समोरच चहा पीत होतात की."

डोंबिवली येईपर्यंत मला तिच्याकडे बघवलं नाही.

संध्याकाळी ती पोळ्या लाटायला उभी राहिली तेव्हा मी मागून गेलो, वाकलो आणि कानामागचं हाड तिच्या पाठीला टेकवलं. या कामात गुडघे फार दुखतात.

"अहो, हे काय भलतंच! सरका, पोळी करपेल."

"करपू दे. तू गा."

ती आधी हसली, ते मला तिच्या पाठीतून कळलं. मग तिने सुरुवात केली.

तीन पोळ्या करपल्या. तिन्ही मी खाल्ल्या.