यवतमाळच्या शोरूममधली एकुलती एक गाडी

मी विकलेल्या गाड्या केव्हाच भंगारात गेल्या. किस्से मात्र अजून पहिल्या हँडलला सुरू होतात. नातवंडं म्हणतात, आबा, लिहून काढा. लिहायला बसलो की एकाच्या मागे दुसरा येऊन उभा राहतो, म्हणून सुचतील तसे सांगतो.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी नुकताच मॅट्रिक झालो होतो आणि यवतमाळला एका मोटारींच्या एजन्सीत कारकुनाची जागा आहे असं ऐकून गेलतो. मालकांनी माझ्यापुढे कंपनीचं इंग्रजी पत्र टाकलं. मी ते वाचून अर्थ सांगितला. कारकून त्यांनी आदल्याच दिवशी ठेवला होता, म्हणून मला म्हणाले, "गाड्या विकशील?"

मी म्हटलं, मला फक्त सायकल येते. शोरूममध्ये गाडी एकच होती आणि तीही फक्त दाखवायची. बाकी गाड्या कंपनीकडून यायला वर्षं लागायची. मालक म्हणाले, "गाडी विकायले गाडी येणं जरुरी नाही. गिऱ्हाईकाले थांबवता आलं पायजे."

पुढे आमचे मेकॅनिक गनीचाचा यांनी कापसाच्या जिनिंग फॅक्टरीच्या मैदानात मला गाडी शिकवली. शिकवताना ते स्वतः गाडीत बसत नसत. दूर निंबाखाली उभे राहून ओरडून सांगत.

*

पहिलं मोठं गिऱ्हाईक फुलसावंगीचं. गोविंदराव नावाचे कास्तकार होते. ते एकटे आले नाहीत, सोबत बैल पारखणारा एक म्हातारा घेऊन आले. बैलजोडी घेताना त्याचा शब्द शेवटचा असायचा, मग मोटार घेताना काहून नाही?

मी इंजिनाबद्दल पाठ केलेलं सगळं बोललो. म्हातारा काही ऐकत नव्हता. त्यानं गाडीला दोन चक्कर मारले, टपावर हात ठेवला, मग मला गाडी त्याच्याकडे आणायला लावली आणि परत दूर न्यायला लावली. शेवटी गोविंदरावांच्या कानाशी जाऊन म्हणाला, "मांगचा डावा पाय टाकताना कचरते."

गनीचाचा पोट धरून हसले. पण गोविंदराव हलेनात, तेव्हा त्यांनी चाक उतरवलं. आतलं बेअरिंग फुटलेलं होतं.

चाचांनी ते हातात फिरवून पाहिलं. मग मालकांना म्हणाले, "इनको रख लो साब, मेरा हिसाब कर दो."

*

यवतमाळातल्याच एका तरुण वकिलांनी लग्न ठरल्याबरोबर गाडी बुक केली होती. वरात स्वतःच्या मोटारीतून काढायची हौस होती. त्यांचा नंबर यायच्या आत लग्न झालं आणि वरात कुणाच्या तरी मागून आणलेल्या जीपमधून निघाली. नंतर ते दर महिन्याला शोरूममध्ये येत, चहा पीत, नंबर कुठवर आला ते विचारत आणि जात. माझी नोकरी म्हणजे मुख्यतः त्यांना चहा पाजणं.

गाडी आली तेव्हा वकिलीणबाई स्वतः डिलिव्हरी घ्यायला आल्या. अंगावर लग्नातला शालू, कपाळाला मुंडावळ्या, आणि सोबत दोन मुलं. मला म्हणाल्या, "वरातीसाठी घेतलेली गाडी आहे, वरातीशिवाय घरी येणार नाही."

वकीलसाहेब लाजून लाल झाले. पण बाईंनी बँडवाला आधीच सांगून ठेवलेला. मागच्या सीटवर वरवधू, वधूच्या मांडीवर एक मूल, वराच्या मांडीवर दुसरं, आणि चालवायला मी. बाजारात एका पानवाल्यानं बॉनेटजवळून चालणाऱ्या गनीचाचांना विचारलं, लग्न कोणाचं?

चाचा म्हणाले, "शादी पुरानी है. गाडी नयी है."

*

मुकुटबनला एका देशमुखांकडे ट्रायल द्यायला गेलतो. देशमुख म्हणाले, आईले फिरवून आणा, ती हो म्हणाली तर घेऊ. आजी मागं बसल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "घे सरळ."

गाव संपलं. मी विचारलं, वळवू का? तर म्हणे, थोडं पुढं. असं थोडं थोडं पुढं करत आम्ही पाच कोसांवर पैनगंगेच्या काठाला लागलो. उन्हाळा होता, नदीला गुडघाभर पाणी. पलीकडच्या काठावर बाया कपडे धूत होत्या.

आजींनी मला हॉर्न वाजवायला सांगितला. मी वाजवला. पलीकडच्या बायांनी माना वर केल्या. त्यातली एक म्हातारी कपाळावर हात धरून पाहत राहिली, आणि हातातलं लुगडं तसंच सोडून पाण्यात शिरली. आजीही इकडून शिरल्या. नदीच्या मधोमध दोघी भेटल्या. लहान बहीण होती ती, पलीकडचं गाव आजींचं माहेर. माहेर आणि सासर यांच्यात कशावरून तरी बिनसलं होतं, तेव्हापासून आजींना कोणी माहेरी पाठवलं नव्हतं.

लुगडं वाहत चाललं होतं, ते मी खाली जाऊन धरलं.

परत आलो तर देशमुख दारातच उभे. कशी आहे गाडी? आजी म्हणाल्या, "एकदा पाहून का समजते? पुढच्या बाजाराच्या दिवशी परत आण."

मी चार ट्रायली दिल्या. मालकांनी विचारलं, देशमुख गाडी घेणार तरी कधी? मी म्हटलं, नदीले पावसाचं पाणी आलं की सांगतील.

*

आणि हा एक. वणीच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या पाटलांचा नंबर लागला. त्यांच्याकडे ड्रायव्हर नव्हता, म्हणून मालकांनी गाडी पोचवायला मलाच पाठवलं. पाटील मागं बसले.

माझे वडील गावकीचं काम करायचे. पाटलांची दमणी निघाली की बैलांच्या पुढे धावत जाऊन वाट मोकळी करायची, हे त्यांचं काम होतं. त्यांच्या बापाचंही तेच. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो आणि बानं ते काम सोडलं. पाटील समोर आले की बा 'जयभीम' म्हणायचा. पाटील उत्तर न देता निघून जायचे. अशी चार-पाच वर्षं झाली होती.

गावाबाहेरच्या नाल्याजवळ बा उभा दिसला. खांद्यावर कुऱ्हाड होती. मी गाडी थांबवली. थांबवायची असं ठरवलं नव्हतं, पाय आपोआप ब्रेकवर गेला. बा काचेजवळ आला, मला पाहिलं, मग मागं पाहिलं आणि म्हणाला, "जयभीम, पाटील."

पाटील समोर पाहत होते. मग ते सीटवर एका बाजूला सरकले आणि म्हणाले, "बस."

बानं कुऱ्हाड खाली ठेवली. सवयीनं चपला काढायला वाकला. अर्ध्यात थांबला, सरळ झाला आणि चपला घालूनच आत बसला.

वेस दिसायला लागली. पारावरची माणसं उठून उभी राहिली. कधी एकदा पाटलांचं घर येते असं झालं होतं, आणि मी गाडी जोरात काढली.

मागून बाचा आवाज आला. "हळू घे, सुदाम. या रस्त्यानं मी धावत जायचो तेवढ्यानंच घे."

मी गाडी परत दुसऱ्या गियरवर आणली.