पोपट, पाळणा आणि छत्तीस व्होल्ट

पोपट कोरायला घेतला त्या दिवशी हुबळीत आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस नव्हता. नुसता वारा. गोकुळ रोडवरचे सगळे पत्रे एकमेकांशी बोलत होते, आणि आमच्या शेडमधला भुसा बाहेर झाडला की परत आत येत होता. किस्स्यांचंही आमच्याकडे असंच आहे. सगळे सांगून संपले म्हणावं, तर चहा उकळायच्या आत दोन नवे हजर!

शेडमध्ये आम्ही तिघं. मी सुतार. शाळेचं तोंड बघितलं नाही, पण उभा जन्म पटाशी धरली. दुसरा बसप्पा, मोटारींचं वाइंडिंग करणारा. तिसरे मळमड्डीचे कुलकर्णी सर, सायन्स शिकवून रिटायर झालेले, रोज धारवाडहून बसनं येणारे. माझा उजवा हात थरथरायला लागला तेव्हा सर म्हणाले, "अण्णा, हात दमला तर दमू दे. आपण मशीन करू." म्हणजे कॉम्प्युटरवर चित्र काढायचं, आणि तीन मोटारी कटर फिरवून ते लाकडात कोरणार. त्याला सीएनसी म्हणतात.

घाई होती एका पाळण्याची. शेजारच्या पिठाच्या गिरणीचा मालक परशुराम, माझा दोस्त. जाण्याआधी मला म्हणाला होता, "आमच्या रेणुकाला बाळ झालं की पाळणा तू करायचास. पोपटांचा. गंगीला आधी सांगू नकोस, ती नको नको म्हणत बसेल." दोस्त गेला. गिरणी त्याची बायको गंगाक्का चालवायला लागली. रेणुका बाळंतपणाला माहेरी आली. आणि इकडे आमच्या मशीनच्या मोटारींना वीज देणारा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, तोच ठरेना!

*

सरांनी वही काढली. चोवीस व्होल्ट घ्यायचे, छत्तीस घ्यायचे, की अठ्ठेचाळीस? मला काही उमगेना. सर शांतपणे म्हणाले, "अण्णा, व्होल्ट म्हणजे पाण्याची टाकी किती उंच आहे ते. अँपिअर म्हणजे नळ किती रुंद आहे ते."

मी बराच वेळ विचार केला आणि म्हणालो, "सर, आमच्या गल्लीत नळाला आठवड्यातनं एकदा पाणी येतं. करंटचं पण तसंच धरायचं का?"

सरांनी वही मिटली. म्हणाले, "आधी चहा घेऊ."

*

पहिला सप्लाय सरांनी घरच्या जुन्या कॉम्प्युटरमधून काढून आणला. बारा व्होल्टचा. मोटारी फिरल्या! आम्ही टाळ्या वाजवल्या. मी सहज अंगठा आणि एका बोटानं मोटारीचा दांडा धरला, तर ती लाजून थांबली.

बसप्पा त्याच्या कानडी वळणानं म्हणाला, "वाईट नाही री सर. याच्यावर उदबत्ती कोरता येईल."

*

दुसरा सप्लाय नवा कोरा, जाळीच्या डब्यातला. सर म्हणाले, "आता घाई नाही. सोबतचं पुस्तक पूर्ण वाचल्याशिवाय वायर लावायची नाही." दोन दिवस वाचलं. पेन्सिलीनं खुणा केल्या. तिसऱ्या दिवशी देवाला नमस्कार करून बटण दाबलं.

फट्!

वास गेल्यावर बसप्पानं डबा उचलून उन्हात नेला. जाळीच्या आत, बाजूला, नखाएवढा लाल स्विच. तो परदेशातल्या एकशेदहा व्होल्टवर ठेवलेला. आपली लाइन त्याच्या दुप्पट!

"सर," बसप्पा हळूच म्हणाला, "पुस्तक वाचलंत. डबा वाचायचा राहिला."

*

मग बसप्पाचा मान. तो म्हणाला, "विकतचं कशाला? मी ट्रान्स्फॉर्मर गुंडाळतो. माझ्या नातवंडांपर्यंत चालेल." मोटारींना हुकूम देणारा एक डबा असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. त्याला पन्नास व्होल्टच्या वर सोसत नाही. म्हणून सरांनी हिशोब करून तारेचे वेढे किती द्यायचे ते कागदावर लिहून दिलं.

चार दिवस टाकाऊ फळ्यांवर मशीन गोडीनं चाललं. रविवारी आजूबाजूचे कारखाने बंद, लाइनचं व्होल्टेज चढलं, आणि ड्रायव्हरमधून धूर!

सरांनी विचारलं, "बसप्पा, वेढे किती दिलेस?"

"तुम्ही लिहिले तेवढेच री सर."

"आणि?"

"आणि आपले नेहमीचे."

आमच्या भागात दुपारी व्होल्टेज पडतं, म्हणून हा गडी प्रत्येक कामात वरून थोडे वेढे जास्त देतो. कुणाला न विचारता. गिऱ्हाइकं त्यासाठीच त्याच्याकडे येतात! त्याला रागावणार कसं?

*

तोवर रेणुकाला मुलगी झाली. बारशाचं बोलावणं करत गंगाक्कानं सगळ्या गोकुळ रोडला पेढे वाटले. मला देताना म्हणाली, "अण्णा, परवा बारसं आहे. पाळणा जावेकडून मागून आणलाय. जुना आहे, पण चालेल की."

मी पेढा तोंडात टाकला आणि तसाच शेडकडे पळालो. शेडमध्ये पोत्याखाली झाकलेला पाळणा तयार होता, फक्त पोपटांची फळी राहिली होती.

सरांनी छत्तीस व्होल्टचा सप्लाय आणला. बसप्पानं सगळ्यात आधी लाल स्विच बघितला. नवा ड्रायव्हर जोडला. मशीन चालू केलं. पोपटाची शेपटी उतरली, पंख उतरले, अगदी मी पटाशीनं काढायचो तसे! आणि चोचीपाशी आल्यावर मोटारी क्षणभर गप्प झाल्या. पुढची चोच मानेवर उमटली.

दुसरी फळी लावली. परत तेच. सरांना कळेना. बसप्पा मीटर धरून बसला. काटा पडला, तसा भिंतीपलीकडून घरघर आवाज आला. "गिरणी!" तो ओरडला. "अक्कांची मोटार सुरू होते, तेव्हा लाइन बसते. आपला सप्लाय डोळे मिटतो."

आता लाकडाची एकच फळी उरली होती. आणि बारसं उद्यावर.

*

सर म्हणाले, "अण्णा, जाऊन खरं सांगून टाका." मी म्हणालो, "परशुरामाला शब्द दिलाय." शेवटी बसप्पा गेला. "अक्का, एका पाळण्याचं काम अडलंय. दोन तास गिरणी बंद ठेवता?"

"कुणाचा पाळणा?"

"आहे एक गिऱ्हाईक."

गंगाक्कानं पट्टा उतरवला. दारात डबे घेऊन बायकांची रांग, त्यातली एक कुरकुरली, तशी अक्का कडाडली, "डबे ठेवून घरी जा! कुणाच्या तरी लेकराचा पाळणा होतोय, एक दिवस भात खाल्ला तर मरणार नाही तुम्ही!"

शेडमध्ये आम्ही तिघं श्वास रोखून उभे. शेपटी, पंख, मान. चोच! मग दुसरा पोपट, त्याच्याकडे तोंड केलेला. सरांनी चष्मा काढून पुसला. बसप्पा उगीच मीटरकडे बघत राहिला. मी फळीवर हात फिरवला, तेव्हा माझा हात थरथरतोय हे माझ्या ध्यानातही नव्हतं.

मागे बघतो तर दारात गंगाक्का. भुवयांवर पीठ. ती आत आली, दोन्ही पोपट बोटानं चाचपले, पोतं थोडं वर करून पाळण्याचे खांब बघितले. मग पदराला हात पुसत म्हणाली,

"ज्यांच्या घरी हा जाणार आहे ना अण्णा, त्यांना सांगा, शेजारणीनं दोन तास गिरणी बंद ठेवली. दुसरं काही नको म्हणावं. बाळ बघायला तेवढं बोलवा."