मी कोल्हापूरची नाही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. श्रीकांतला, माझ्या नवऱ्यालाही नाही. म्हणजे अर्धं त्याला माहीत आहे, त्यावरून तो मला वर्षानुवर्षं चिडवायचा. उरलेलं अर्धं आज तुला सांगते. मध्येच अडखळले तर अडखळू दे. जन्मभर पेशंटना वाईट बातम्या तोंडावर सांगितल्या मी, पण स्वतःचं सांगायचं म्हटलं की जीभ जड होते.

मी पक्की नागपूरची. तिथेच वाढले, तिथेच डॉक्टर झाले, लग्न करून अमेरिकेत आले आणि इथे कॅरी गावात प्रॅक्टिस करून रिटायर झाले. कोल्हापूर मी एकदाच पाहिलंय, कॉलेजच्या सहलीत. तेही अर्धा वेळ बसच्या खिडकीतून उलट्या करत.

हालिना मला भेटली इंडियन ग्रोसरीत. गुळाच्या ढेपेला नाक लावून उभी असलेली गोरी म्हातारी! मी पलीकडच्या रांगेतल्या श्रीकांतला ओरडून विचारत होते, "अरे, कोथिंबीर घेतलीस का?" — तर ही गर्रकन वळली. "मराठी? कोल्हापूर?" आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी म्हणाले, हो. का म्हणाले? नाही म्हणायला माझं काय जात होतं? खरं सांगू — त्या क्षणी तिच्याकडे बघून नाही म्हणवेना. इतकंच. तिथे ही गोष्ट संपायला हवी होती.

हालिना पोलंडची. दुसऱ्या महायुद्धात तिच्या गावातल्या लोकांना घरातून उचलून सैबेरियात नेलं. तिथून सुटलेले हजारो जण इराणमार्गे हिंदुस्थानात आले आणि कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. त्यात ही चिमुरडी होती. तिथल्या शाळेत शिकली, तिथेच तिची आई तापाने गेली, कोल्हापुरातच तिला पुरलं. युद्ध संपल्यावर सगळे म्हणायला लागले, चला, आता घरी. पण घर होतं कुठे? सरहद्द सरकली आणि त्यांचं गाव दुसऱ्याच देशात गेलं. थोरला भाऊ तरीही पोलंडला परतला, हिला मावशीने इंग्लंडला नेलं, मग लग्न होऊन ती इकडे आली. छावणी सोडताना स्टेशनवर ती रडत होती, आणि मोठी माणसं समजावत होती की अगं वेडे, आपण घरीच चाललोय. "पण मी घरीच होते," ती मला म्हणायची. म्हणायची इंग्लिशमध्ये, पण मला ते मराठीतच ऐकू यायचं.

माहेर हा शब्द मीच तिला शिकवला. तिने तो असा उचलला की काय सांगू! दर रविवारी चहाला यायची, येताना पिएरोगी घेऊन यायची — आपल्या करंज्यांसारख्या, पण बटाटा भरून उकडलेल्या — आणि म्हणायची, "माहेरच्या माणसाकडे रिकाम्या हाताने कसं यायचं?" माझे आईवडील केव्हाच गेले होते, भावाने घर विकलं होतं, नागपुरात माझी वाट बघणारं कुणी उरलं नव्हतं. आणि इथे ही बाई माझे गाल कुरवाळायची. एवढे लाड कुणाला नको असतात? मग मी थापा मारत गेले. रंकाळ्याजवळ आमचं घर आहे. दारात पारिजातक आहे. हो, तुझी शाळा अजून उभी आहे. डोंबलाची शाळा! सगळं इंटरनेटवर बघून सांगायचे. श्रीकांत हसायचा, "नागपूरचं सावजी मटण करते आणि कोल्हापुरी म्हणून खपवते." कधी कधी गंभीर होऊन म्हणायचा, सांगून टाक ना यार. मी म्हणायचे, कशाला उगाच म्हातारीचं मन मोडायचं? बघ, किती सोयीचं होतं ते!

आणि मग छावणीतल्या जुन्या लोकांनी आणि त्यांच्या मुलानातवंडांनी मिळून वळिवड्याला जायचं ठरवलं. हालिना हरखून गेली. आईच्या कबरीवर एकदा तरी डोकं टेकायचं, एवढंच तिचं मागणं होतं. लगेच मला फोन — तू पण चल, आपण तुझ्या रंकाळ्याच्या घरी उतरू.

त्याच आठवड्यात तिच्या मुलीचा, बार्बराचा फोन आला. हालिनाच्या हार्टच्या डॉक्टरांनी परवानगी दिली होती. व्हीलचेअर घ्या, औषधं सांभाळा, जा म्हणाले. बार्बरा स्वतः बरोबर जाणार होती. "पण तुम्ही डॉक्टर आहात, आणि तिथल्या आहात," ती म्हणाली. "तुम्ही सांगाल तसं करू."

काय सांगायचं होतं मला? एवढंच की बाई गं, मी कोल्हापूरची नाही, तुम्ही खुशाल जा. बार्बरा हसली असती. हालिना रुसली असती, चार रविवार आली नसती. मग आली असती — नसतीही आली. ते मला नको होतं.

मी म्हणाले, प्रवास फार लांबचा आहे. पायात गुठळ्या होतात. ऊन असतं, ऐन वेळी काही झालं तर धावाधाव होते. यातलं काहीच खोटं नव्हतं, पण ते तिच्या डॉक्टरांनाही ठाऊक होतं. आणि वर आणखी म्हणाले, "माझी आई असती तर मी पाठवलं नसतं."

बार्बराने तिकिटं कॅन्सल केली. श्रीकांतला वाटलं, मी डॉक्टर म्हणून सल्ला दिला.

हालिना भांडली नाही गं. भांडली असती तर बरं झालं असतं. माझा हात हातात घेऊन म्हणाली, तू माझ्या काळजीपोटीच सांगितलंस. ती मंडळी तिथे पोचली तेव्हा आईची कबर तिने माझ्या सोफ्यावर बसून, फोनच्या स्क्रीनवर पाहिली. कुणीतरी फुलं ठेवली, तिने काचेवरच बोट फिरवलं. तेवढ्यात व्हिडिओ अडकला. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "तुझं घर इथून किती लांब?"

मी म्हणाले, जवळच आहे.

त्यानंतर ती जवळजवळ दोन वर्षं ठणठणीत होती. इथल्या तळ्याभोवती माझ्यापुढे चालायची, मागे वळून मला हसायची. गेली ती झोपेत, शांतपणे. चर्चमध्ये बार्बराने मला घट्ट मिठी मारली आणि रडत म्हणाली, तुम्ही तेव्हा अडवलंत म्हणून मॉम आम्हाला एवढे दिवस मिळाली. थँक यू.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मला तिची काळजी होती गं."