भास्करचा पडदा काळा का राहिला

भास्कर गेल्याचा फोन आला तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं, रडू नंतर आलं. हा क्रम मी आजवर कुणाला, अगदी बायकोलाही, सांगितलेला नाही. पाच आठवडे झाले. आता कुणी विचारणार नाही, असं त्या क्षणी वाटलं होतं... खरं तर त्यानं संशयानं कधी विचारलंच नव्हतं.

जालन्यातल्या एका खासगी शाळेच्या संगणक कक्षात आम्ही दोघं तात्पुरते शिक्षक. तो परतूरचा, मी धावड्याचा. जागा एकच कायम होणार होती. तरी तो "काय पाटील, चहा पाजता का आज?" म्हणून मला चिडवायचा आणि मी पाजायचो. पोरांच्या फ्लॉप्यांमधून व्हायरस यायचे. एकदा सहामाहीचे सगळे गुण उडाले. मुख्याध्यापक म्हणाले, जो हे कायमचं थांबवील त्याचंच नाव संस्थेकडं पाठवतो. भास्करनं कुठून तरी एक सीडी मिळवली, सुरक्षेसाठीच बनवलेल्या वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीमची. आधी मशीन सीडीवरून उठेचना. त्यानं सेटिंगमध्ये शिरून सीडीला पहिला नंबर दिला आणि ते सुटलं. इन्स्टॉलही पुरं झालं. पण चालू केलं की पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर धावायच्या आणि जिथं चित्रं दिसायला हवीत तिथं पडदा काळाठिक्कर. आत डिस्क मात्र फिरत राहायची. "जित्ती हाय रे ती, फक्त तोंड दाखवून न्हाई राह्यली," असं तो म्हणायचा. आठ दिवस त्यानं मॉनिटर बदलले, केबली बदलल्या, तीनदा पुन्हा इन्स्टॉल केलं.

उत्तर मला सापडलं. मस्तगड भागातल्या सायबर कॅफेत, त्याच्यासाठीच शोधताना. आमच्या मशीनमधली डिस्प्लेची चिप त्या सिस्टीमला ओळखू येत नव्हती. सुरू होताना बूटच्या ओळीत एक शब्द जोडला की ती साध्या डिस्प्लेवर चालायची, बस. मी ते कागदावर उतरवून घेतलं. शाळेत पोचल्यावर भास्करनं विचारलं, "गावलं का काही?" मी म्हणालो, "न्हाई रे." ठरवून बोललो असतो तर निदान तसं सांगता आलं असतं. ते तोंडात आयतंच होतं...

दुसऱ्या दिवशी सगळ्या स्टाफसमोर दाखवायचं होतं. ओळी धावल्या, पडदा काळा झाला. मुख्याध्यापक म्हणाले, "अहो सर, फळा तर आपल्याकडं आधीच होता. खडू आणा कुणी!" हशा पिकला. हेडक्लार्क माझ्या कानाशी, पण भास्करला बरोबर ऐकू जाईल असं बोलला, "कोट्यातलं डोकं, चालायचंच." कागद माझ्या खिशात होता. मी हसलो. भास्करनं माझ्याकडं पाहिलं, मी काहीतरी सुचवीन या आशेनं.

महिन्याभरात त्याला कमी केलं. मग मी तो शब्द टाकला, पडदा उजळला आणि मी कायम झालो. हे कळल्यावर तो परतूरहून मुद्दाम आला, पेढे घेऊन.

"कसं केलंस रे?"

"जमलं असंच."

"मंग बराबर. मशीन चांगलीच होती. मीच कमी पडलो."

त्यानंतर त्यानं संगणकाला हात लावला नाही. सात वर्षं मोंढ्यात धान्याच्या वजनकाट्यावर उभा राहिला आणि तिथंच छातीत कळ येऊन कोसळला.

त्याच्या पुण्यानुमोदनाला मी परतूरला गेलो होतो. मला चार शब्द बोलायला लावले. भास्कर किती मोकळ्या मनाचा होता, यावर मी छान बोललो. नंतर त्याची मुलगी शीतल पाणी घेऊन आली. बारावी झालेली. मी विचारलं, "पुढं काय बाळा?"

"कॉम्प्युटर घ्यायचं होतं काका. पण पप्पा म्हणायचे, आपल्या घरात ते डोकं न्हाई, ते तुझ्या काकाकडं हाय. म्हणून मी फॉर्मच न्हाई भरला."

मी सगळं पाणी प्यालो. "बघ, विचार कर," एवढंच म्हणालो, आणि गाडीची वेळ झाली सांगून उठलो. गाडीला अजून दीड तास होता.

वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी हे लिहिणं सोपं आहे. इथं समोर कुणी बसलेलं नाही. शीतलला मी एक गोष्ट सांगायचं देणं लागतो, परतूरला जाऊन, तिच्या आईदेखत, स्वतःच्या तोंडानं: तुझ्या बापाला सगळं जमलं होतं, उरलेला एक शब्द मी लपवला. हे मी अजून सांगितलेलं नाही.